हौदातले कमी पाणी

वाचकहो, सरपणावर तापणाऱ्या लाकडी हौदात माझ्यावर झालेल्या अन्यायाची हकिगत मी येथे निवेदन करीत आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी मी उत्तर फिनलंडातील पितृगृही पोहोचलो. तळ्याकाठचा हौद वाफाळत होता आणि वडील त्याच्या भट्टीत लाकडे सारीत होते. मोठ्या आशेने मी आत उतरलो, तर पाणी जेमतेम पोटापर्यंत! उघड्या खांद्यांवर हिम पडू लागले आणि माझा संताप अनावर झाला.

“बाबा, ही कसली कंजुषी? समोर अख्खं तळं आहे की!”

“ओरडू नकोस, इल्मो. दरवर्षी एवढंच भरतो. तुम्ही चौघं भाऊ बसलात की पाणी गळ्याशी येतं. जास्त भरलं, तर सांडून पायऱ्यांवर बर्फ होतो. मागं तूच आपटला होतास ना?”

मग त्यांनी रस्त्याकडे पाहिले. “ते तिघं मागून येताहेत ना रे?”

यंदा जमणार नाही, असे तिघांनीही मला कळविले होते. वडिलांना कळविण्याचे धैर्य मात्र एकालाही झाले नव्हते.

माझा संताप अद्याप कायम आहे. फक्त तो आता वडिलांवर नाही.

आपण वाचलेत, आभारी आहे.
आपला, इल्मो कार्व्हिनेन