खऱ्या इमारतीतला खरा जिना

"अगं बाई, ही खालून वर धुतेय!"

आई एवढ्या मोठ्यांदा बोलली की लेक दचकलीच. पडद्यावर एक नावाजलेली नटी गुडघ्यांवर बसून जिना घासत होती, आणि पडद्यासमोर या सिनेमाचा दिग्दर्शक बसला होता. सकाळपासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं: मेकअप नाही, सेट नाही, खऱ्या इमारतीतला खरा जिना. गरिबाचं जगणं जसं आहे तसं.

लेकीचं काम सिनेमाला आवाज द्यायचं. बोलण्याचे नव्हेत, पावलांचे, दारांचे, कपड्यांच्या सळसळीचे. चित्र बघत बघत या बंद खोलीत ती ते हातापायांनी करायची आणि यंत्रात भरून घ्यायची. पण जिन्यावरच्या ब्रशचा आवाज काही केल्या जमेना. "दात घासल्यासारखं वाटतंय," दिग्दर्शक म्हणाला. उद्या सिनेमा पुरा करून द्यायचा होता. शेवटी तिने आईला बोलावून घेतलं. आईने तीस वर्षं लोकांचे जिने धुतले होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

आणि आईने आल्या आल्या हे दिवे लावले.

"खालून वर म्हणजे?" दिग्दर्शकाने चित्र थांबवलं.

"म्हणजे काय म्हणजे? वरची पायरी धुतली की घाण पाणी कुठे जाणार? धुतलेल्या पायरीवरच ना! आणि ही बया उतरणार कशी, उडत? जिना वरून खाली धुवायचा असतो, बाबा. हे कुणी शिकवावं लागत नाही."

"खालून चढताना तिच्या चेहऱ्यावर उजेड येत होता..." तो पुटपुटला, आणि त्याचा स्वतःचा चेहरा पडला. दोन वर्षं खपला होता बिचारा, आणि त्याच्या एवढ्या मोठ्या लवाजम्यात कधी जिना धुतलेलं एकही माणूस नव्हतं.

"काढून टाका," तो लेकीला म्हणाला. "अख्खा प्रसंग काढा. जिना धुणारी एक जरी बाई सिनेमाला आली तरी ती इथे हसेल. मग बाकीच्यावर तिने का विश्वास ठेवावा?"

लेकीला वाईट वाटलं. माणूस फुशारक्या मारणारा असेल, पण लबाड नव्हता. "आधी शेवटपर्यंत बघू तरी," ती म्हणाली.

चित्र पुढे सरकलं, आईचं तोंडही. बादली अशी उचलली तर कंबर जाईल हिची. आणि साबण केवढा तो! बापाचा माल आहे का? लेक डोळ्यांनी दटावत होती, पण आई कसली ऐकते.

तेवढ्यात पडद्यावर वरच्या मजल्याचं दार उघडलं. बूट घातलेला एक माणूस खाली येऊ लागला. नटीने बादली बाजूला ओढली आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. माणूस तिच्या अगदी जवळून गेला, वळणाआड दिसेनासा झाला. बस, एवढंच.

आई खुर्चीत पुढे झुकली.

"मागे घे गं," ती म्हणाली. लेकीने मागे घेतलं. "अजून एकदा." तिसऱ्या वेळी आई खुर्चीतून उठून पडद्यापाशी गेली. "या धापा कुणी टाकल्या?"

"मी. दमलीये ना ती."

"काढ. इथे ती श्वास घेत नाहीये."

लेकीने पाहिलं. दोन दिवसांत शंभर वेळा पाहिलेलं चित्र, पण आज पाहिलं. भिंतीला टेकल्यापासून माणूस जाईपर्यंत नटीची छाती हलत नव्हती.

"तुम्ही सांगितलंत हिला?" आईने विचारलं.

"नाही हो," दिग्दर्शक म्हणाला. "मलाही आत्ताच दिसतंय."

"मग हिला कसं कळलं?" आईची नजर पडद्यावरच होती. "घामाचा वास येतो ना अंगाला. जाणाऱ्याला येऊ नये असं वाटतं. आता श्वास धरला म्हणून काय वास थांबतो? पण मी धरायची. रोज. कुणाला बोलले नाही कधी. माझ्या या लेकीलासुद्धा नाही."

आईचे गुडघे, बोटांच्या भेगा, सगळं लेकीला पाठ होतं. आणि हे मात्र एका परक्या नटीने तिला सांगावं!

"म्हणजे... ठेवू?" दिग्दर्शकाने अगदी लहान आवाजात विचारलं.

"ठेवा की. पायऱ्या काय, पुन्हा धुता येतात."

मग आईने बाह्या वर सारल्या. पाण्याची बादली आली, दगडी लादी आली. लेकीने त्या माणसाच्या पावलांसाठी जड बूट चढवले. खोलीतला दिवा मालवला, चित्र सुरू झालं. आई ब्रश चालवू लागली आणि दिग्दर्शक सरसावून बसला. असा आवाज त्याने जन्मात ऐकला नव्हता. दार उघडलं. लेकीने पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. पडद्यावरची बाई भिंतीला टेकली.

ब्रशही थांबला. लेकीने चालता चालता वळून बघितलं. आई उठली होती, खोलीच्या भिंतीला पाठ लावून, बादली पायामागे घेऊन उभी होती. लेक बूट वाजवत तिच्या समोरून गेली. शेवटचं पाऊल वाजलं, पडदा काळा झाला. आई तशीच उभी होती.

लेकीने वाकून दोन्ही बूट काढले.

"आई," ती म्हणाली, "गेला तो."