खाकरण्याआधी

हेजिनच्या आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मामाने बुसानच्या बाजारातल्या तिच्या तोकबोक्कीच्या, म्हणजे तांदळाच्या रस्सेदार वड्यांच्या, दुकानाचं दार ओढून घेतलं. तिचा आत्मा जेवेपर्यंत बाहेर थांबायचं आणि तीनदा खाकरूनच आत जायचं, अशी रीत. हेजिन कुजबुजली, “मामा, पानात मी तोकबोक्की ठेवलीय.” “बिनमिरचीची ना?” “लाल. आई विकायची तशीच.” “अगं बयो! मिरचीच्या वासाने आत्मा दारातूनच परत फिरतो! वर्षाने आलेल्या आईला उपाशी धाडतेस?” “काढून आणू?” “आता दार उघडलंस तर बघ!” हेजिनने फटीला कान लावला. काहीच ऐकू येईना. याच दुकानावर आईने तिला एकटीने वाढवलं, शिकवलं. स्वतः मात्र गिऱ्हाइकं गेल्यावर कढईची खरवड खाल्ली, तीही उभ्याने. मामा खाकरणार, तोच हेजिनने त्याची बाही धरली. “मामा, आई कधी बसून जेवली होती?” मामाने खोकला गिळला. “जेवू दे तिला सावकाश.”