दहा मिनिटांचा गृहपाठ

देवेशचा पाठीवर टेकलेला हात आधी गार होता. तिसऱ्या मिनिटाला तो तिच्या पाठीइतकाच कोमट झाला. सावनीने डोळे मिटूनच ते टिपलं. तिला शरीरसंबंधाची इच्छाच होईनाशी झाली म्हणून मैलापूरच्या समुपदेशक वाणी मॅडमनी दोघांना हा गृहपाठ दिला होता. रोज दहा मिनिटं फक्त स्पर्श, पुढे काही नाही. जे जाणवेल ते तिने बोलून दाखवायचं.

"सांग, काय जाणवतंय?"

"ऊब. तुझी करंगळी थोडी थरथरतेय. बरं वाटतंय."

"बघ, गुण येतोय. आणि पाळीपासून आज चौदावा दिवस आहे."

"मॅडम म्हणाल्यात, पुढे काही नाही."

"मॅडमना नातवंडं असतील. माझ्या आईला नाहीत."

हात तिथेच होता, तेवढाच कोमट. तिचे खांदे मात्र आखडले, दात आवळले गेले. चार वर्षं ती 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत आली होती.

"आता? आता काय जाणवतंय?"

तिने डोळे उघडले.

"मला मूल नकोय, देवेश. यंदा नको असं नाही. कधीच नकोय."