चुंबकवाला सेट

आईच्या श्रवणयंत्राचा बारीक स्क्रू सैल झाला होता. मुलाने यंत्र तिच्या कानातून काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरचे दोन सेट पुढे ओढले.

"यासाठी हा चुंबकवाला नको," दुकानदार म्हणाला. "आतला स्पीकर कायमचा जाईल."

"कायमचा? नक्की?"

"हो ना. मग आईंना काहीच ऐकू येणार नाही."

"मग तोच द्या. घरात बायकोशी दोन शब्द बोलायची चोरी झालीये."

दुकानदाराचा हात थबकला. तो आईकडे बघतच राहिला.

ऐकू न येणाऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात आई कौतुकाने म्हणाली, "मुलगा आहे माझा! माझ्यासाठी काही घ्यायचं म्हटलं, की दहा वेळा विचारून घेतो!"