घरचा वायरमन

चाळीस वर्षं गावभरच्या घरांतली वीज सांभाळलेल्या वायरमनकाकांचा स्वतःचा कॉम्प्युटर मात्र दर रविवारी लेकीबरोबर आलेला जावई दुरुस्त करायचा. चालता चालता तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. जावयाने दोन वायरी हलवल्या की काकू म्हणायच्या, "जावईबापूंच्या हातात जादू आहे बाई!" काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका शुक्रवारी काकांनी इरेला पेटून खोका उघडला. आतला पंखा धुळीने जाम झाला होता, म्हणून मशीन तापत होतं. त्यांनी ब्रशने तो लख्ख केला. शनिवारभर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

रविवारी सकाळी त्यांनी ऐटीत लेकीला फोन केला. "नवऱ्याला सांग, मी केला दुरुस्त. आता यायची तसदी नको."

"बरं झालं बाबा! मग आम्ही येतो सावकाश, पुढच्या महिन्यात."

ते ऐकून काकूंनी मांडलेल्या चार ताटांतली दोन परत उचलून ठेवली.



सुरळीत चाललेल्या कॉम्प्युटरकडे पाठ करून काकांनी जावयाला फोन लावला, "जावईबापू, परत बंद पडला हो! माझ्याच्याने नाही जमायचं ते."