खाली कोण उतरणार

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि वासावरूनच त्याला कळलं. डीप फ्रीझर सुट्टीत कधीतरी बंद पडला होता. आतल्या पिशव्यांमध्ये पिवळ्या स्पंजांचा नुसता चिखल झाला होता.

समुद्राच्या तळाशी, खडकाच्या एका फटीत वाढणारा हा स्पंज त्याच्या बायकोने शोधला होता. ती बुडी मारून आणायची, तो अर्क काढायचा. कुठल्याही औषधाला दाद न देणारे जंतू त्या अर्काने मरत होते. अर्कातलं नेमकं काय मारतं, ते वेगळं काढायचं काम निम्म्यावर आलं आणि ती गेली. तिने आणून ठेवलेला सगळा माल या एकाच फ्रीझरमध्ये होता.

दिवसभर एकेक जण येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. तिच्या वेळीही असेच आले होते. सफाईच्या मावशी तर डोळे पुसायला लागल्या, तेव्हा त्याचं डोकं फिरलं. माणूस गेलं तेव्हा गप्प बसलो, आता बसणार नाही, असं तो मावशींना म्हणाला आणि बाह्या सारून त्यांच्याबरोबर फ्रीझर घासायला लागला.

संध्याकाळी साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. आता विषय बंद करू, म्हणाले, आणि बाईंचा एक चांगला फोटो व्हरांड्यात लावू.

"फोटोने जंतू मरत नाहीत, साहेब."

साहेब चिडले नाहीत. स्पंज आणणार कोण, एवढंच त्यांनी विचारलं. ती गेल्यावर दोनदा पगारी पाणबुडे पाठवून झाले होते. दोन्ही वेळा त्यांनी भलताच पिवळा स्पंज आणला होता. ती फट बाईंनाच ठाऊक.

होडी कुठे उभी करायची ते मला ठाऊक आहे, तो म्हणाला. इतकी वर्षं वर दोर धरून उलट्या काढत मीच बसलो होतो.

"आणि खाली?"

"खाली मी उतरतो. खडक काही उठून गेलेला नाही."

साहेबांनी त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग सुटलेल्या पोटाकडे.

"एक हंगाम देतो," शेवटी म्हणाले. "त्यापुढे माझ्या हातात नाही."

तो मान हलवून बाहेर पडला. होडी होती, दोर होता. पाण्यात घालायचा तिचा चष्मा त्याला जरा घट्ट होत होता, पण बसत होता. पोहणं तेवढं शिकायचं राहिलं होतं.