पुरुषभर पाणी

गुरम्मा लेकीला मनगटाला धरून मळ्यातल्या विहिरीवर घेऊन आली, तेव्हा आत तीन पोरी पोहायला शिकत होत्या. प्रत्येकीच्या पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधलेला. काठावर नागुबाई दोर धरून उभी होती. विहीर तिचीच. पाणी तळाला गेलं होतं, शेवाळून हिरवं पडलं होतं. जनावरंही त्याला तोंड लावत नव्हती.

गुरम्मानं सिंधूला नागुबाईपुढं उभं केलं. पोरीचे डोळे सुजून लाल झाले होते. मानेवर, दंडावर खाजवून खाजवून चट्टे उठले होते. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही, गुरम्मा सांगत होती. निलंग्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांत घालायला औषध दिलं होतं आणि असल्या पाण्यात पुन्हा उतरायचं नाही, म्हणून बजावलं होतं. शिवाय आळीतल्या बायका विचारत होत्या, पोरीच्या अंगाला हे काय उठलंय. आता दोन-तीन वर्षांत तिला स्थळं बघायची.

"लई झालं, अक्का," ती म्हणाली. "उद्यापासून माझी पोरगी येणार न्हाई."

नागुबाईनं आतल्या पोरींना वर घेतलं. त्या उन्हात बसून पोटऱ्या खाजवायला लागल्या. तिनं काही नाकारलं नाही. बाहेर आल्यावर तांब्याभर चांगलं पाणी अंगावरून घेतलं, तर एवढी खाज सुटत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण तो तांब्या भरायचा कुठून?

लातूर नवा जिल्हा झाला, आता टँकर जवळून येईल, असं गाव धरून चाललं होतं. टँकर कधी यायचा, कधी नाही. गुरम्मा दिवस उगवायला रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. घरचं पाणी सिंधू आणायची, गावविहिरीतून. तिथं आता दोर पुरत नव्हता. मोठ्या बायकांचं वजन पेलणार नाही अशा कपारी होत्या, म्हणून पोरीच पाय रोवत खाली उतरायच्या आणि घागरी भरून द्यायच्या. मागच्या महिन्यात नागुबाईची लेक सरजा त्याच कपारीवरून घसरली आणि बुडाली. वर बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. खडीचं काम त्या दिवशी बंद होतं, म्हणून गुरम्माही त्यांच्यात होती.

"तू होतीस तवा तिथं," नागुबाई हळू आवाजात म्हणाली. "सरजाला वर काढलं, तवा तिचे डोळे उघडेच होते. पांढरेफट. एक शीर लाल न्हवती."

गुरम्माच्या हातातलं मनगट सुटलं. सिंधू दोन्ही मुठींनी डोळे चोळायला लागली. गुरम्मानं तिचे हात खाली घेतले आणि पदराच्या टोकानं तिचे डोळे टिपले. मग काठाशी जाऊन तिनं वाकून आत बघितलं.

"किती असंल पाणी?"

"पुरुषभर."

"अन् गावविहिरीत?"

"तितकंच."

बराच वेळ ती तशीच वाकून राहिली. शेवटी गुरम्मा मागं वळली, एका पोरीच्या पाठीचा डबा सोडून घेतला आणि सिंधूला पाठमोरी उभी केली. ओली सुतळी चट्ट्यांवर घासली तशी पोरगी कळवळली.

गुरम्मानं गाठ सैल केली नाही. वर आणखी एक मारली.